माह्या पायाची माती

आमच्या घरी सकाळ कोंबड्यानं होत नव्हती, बाच्या थापीनं होत होती. आतून दगडी गोटा धरलेला, वरून लाकडाची थापी. थप थप, थप थप. मडकं हळूहळू फुगत जाये. त्या आवाजावरून माय सांगे का आज बाचा मिजाज कसा हाय. थापी सारखी पडली त कोणी बी चहा मांगावा, थापी जोरात पडली त समोर जायचं नाई. मी मात्र समोरच जाये, कारण मले आवाज समजतच नव्हता. चाक बी समजत नव्हतं. माह्या हातचा गोळा चाकावर बसे, वर निघे, मंग दारुड्यासारखा एका अंगाले झुके आन् बसून जाये. गावात मले खापऱ्या म्हणत. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. खरं नाव रेशनकार्डावर हाय, पण त्या नावानं कोणी हाक मारली त मी आजूबाजूले पाहातो का हा कोण. शाळेत दुसरीपर्यंत गेलो. मंग गुरुजीनं बाले बोलावून सांगतलं का याले मातीतच राहू द्या. बानं मातीत घातलं, मातीनं बी ठेवून घेतलं नाई. आता पन्नाशी उलटली, पुढचे दात गेले, आन् मी बोलून राह्यलो ते भाची लिहून राह्यली. मधामधात ते हासते. तिथी मी बरोबर सांगून राह्यलो असं समजावं.

गावात कुंभाराचं घर एकच, आमचं. एसटी मोहाच्या झाडाखाली थांबे, आन् गडचिरोलीकडं जाणारी अर्धी माणसं आमच्या रांजणाचं पाणी पिऊन जात. त्या पाण्याचं गुपित आमच्या खदानीत होतं. नाल्याच्या वरच्या अंगाले, बांबूच्या रांजीत, म्हणजे दाट बेटात, काळी, लोण्यासारखी माती निघे. दुसऱ्या मातीचं मडकं एक त पाझरून रिकामं होये, नाई त आव्यात, म्हणजे भट्टीतच, फुटे. म्हणून खदान गेली त आमचं चाक गेलं, हे मलेसुद्धा समजत होतं. तिथं चप्पल घालून जायचं नाई. नाल्याच्या पाण्यातून चालत जायचं, म्हणजे वाट पडत नाई. पहिला गोळा निघाला का तो काठावर ठेवायचा, तो खदानीचा वाटा. पोराले वाट दाखवायची, पोरीले नाई, कारण ते दुसऱ्या घरी जाते. सुनेले मात्र दाखवायची. दिवाळी झाली का कावडीनं साऱ्या वर्षाची माती आणायची, घरात कुलपात ठेवायची, खदानीवर फांद्या टाकायच्या, आन् पुढच्या दिवाळीपर्यंत तिकडं फिरकायचं नाई.

आमची मडकी कादरभाईच्या टेम्पोतून बाजाराले जात, आन् बाहेरच्या बातम्या त्याच टेम्पोतून येत. कादरभाई मूलचा व्यापारी, तोंडात पान, अंगात अत्तर. मी लग्नाच्या वयाचा झालो त्या साली त्याची एकच बातमी होती. "गणूभाऊ, डोंगराकडं माती नेणारे लोक फिरून राह्यले. छोट्या छोट्या पिशव्या. पहले पिशवी आती, बाद में मशीन आती. याद रखो." त्या दिवशी बाची थापी जोरात पडली. आमच्याकडं तसंही कोणाच्या हातात पिशवी दिसली का पोलीस विचारत, जंगलातले बी विचारत. दोघांनी विचारून झालं का गाव विचारे.

आन् त्याच टेम्पोतून सुजाताबाई उतरली. वय चाळिशीच्या आसपास, सुती साडी, पायात बूट, केस पोट्ट्यावानी कापलेले. सोबत एक लोखंडी पेटी, आन् प्लास्टिकच्या छोट्या छोट्या पिशव्या. पिशव्यात माती. लाल, पिवळी, पांढरी. मायनं पेटीकडं पाह्यलं, बानं पिशव्याकडं पाह्यलं, मी बुटाकडं पाहात राह्यलो. कादरभाई मान वळवून टेम्पोचं टायर पाहू लागला, जसं का त्यानं तिले आणलंच नाई.

"गणूभाऊ तुम्हीच का जी?" ते म्हणे. "तुमचं मडकं मी गडचिरोलीच्या बाजारात घेतलं. मंग ते फोडलं."

"फुटलं?" बा म्हणे.

"नाई, फोडलं. आतून पाहाचं होतं. ही माती कुठली जी?"

बाची थापी थांबली. "बाजारातली," तो म्हणे. मातीचा बाजार कुठीच भरत नाई, हे बाले माहीत, तिले माहीत, टेम्पोले बी माहीत.

मंग तिनं बसून सारं सांगतलं. घर चंद्रपूरचं, बौद्ध घर, बाप मास्तर. विहारात येणाऱ्या पाहुण्याच्या ओळखीनं ते जपानात गेली आन् तिथी काही वर्षं मातीचं काम शिकली. रंगीत माती एकीले एक जोडायची आन् तिचंच भांडं करायचं, त्याले तिकडं नेरिकोमी म्हणतात. तिकडं डब्यातला रंग मातीत घालत, तिले मात्र आपल्याच मातीचे रंग पायजे होते. लाल माती ते भामरागडच्या अंगाची घेऊन आली होती, पांढरी चंद्रपूरची. मनासारखी काळी भेटत नव्हती. आमची छपरी भाड्यानं पायजे होती, उन्हाळ्यापर्यंत. गावानं यातलं काई खरं मानलं नाई. जपानात घड्याळ होते, रेडिओ होते, हे साऱ्याइले माहीत होतं. तिथी जाऊन कोणी माती शिकन, हे मले बी पटलं नाई, आन् मले सहसा सारंच पटते.

"माती पाहाले येणारा मडकं घेत नाई," बा मायले म्हणे, "आन् मडकं घेणारा माती पाहात नाई. हे दोन्ही करून राह्यली."

"मंग छपरी काऊन देता?"

"डोयासमोर असली का बरी."

पहिल्या दिवशी मायनं तिले पाणी दिलं ते कोपऱ्यातल्या वेगळ्या गाडग्यात. कुंभाराच्या घरी वेगळं भांडं ठेवलेलं कोणाच्या ध्यानात येत नाई, गाडगी लागतील तितकी. तिच्या ध्यानात आलं. पेटीतून स्टीलचा गिलास काढून ते म्हणे, "मी आपला आणला, वैनी." मायनं मान खाली घातली आन् चुलीतलं लाकूड उगीच पुढं सरकवलं. मी तवा हासलो. काऊन हासलो ते आता समजत नाई.

तिच्यावर नजर ठेवाचं काम बानं मले दिलं, कारण दुसरं कोणतं काम माह्यावाचून अडत नव्हतं. मी छपरीसमोर बसून खाट विणाले घेतली. ते खाट मी इतके दिवस विणली का तिची सुतळी मैली झाली, पण खाट झाली नाई. बाई काय करे, ते मी रोज घरात सांगत जाये. माती भिजवते, गाळते, कणकेवानी मळते. लाटण्यानं लाटून पोळ्या करते. पांढरी पोळी, त्यावर लाल, त्यावर पिवळी, मधात वावरातल्या काळसर मातीचं पाणी लावून चिकटवते. मंग थापून त्याची वीट करते आन् तारेनं कापते. कापलेल्या फोडीत रेघाच रेघा, वाघाच्या पाठीवानी. त्या फोडी जोडून, लाकडाच्या वाटीवर बसवून ते भांडं करे. "कोचईच्या पानाच्या वड्या करून राह्यली का व ते?" माय म्हणे. माय हे चेष्टेनं म्हणे, पण त्या दिवशी तिनं खरंच कोचईच्या, म्हणजे अळूच्या, वड्या केल्या, आन् कापलेली वडी उलटीसुलटी करून किती वेळ पाहात बसली.

मले त्या भांड्याची भीती नव्हती. भीती होती ते तिच्या चकत्याची. हरेक मातीची ते एक लहान चकती करे, तिच्यावर खिळ्यानं रेघ ओढे, आन् वाळल्यावर रेघ किती आखडली ते मोजपट्टीनं पाहे. मोजपट्टी पाह्यली आन् मी खाट सोडून उठलो. कादरभाईले सांगतलं त तो पान थुंकून म्हणे, "बस, हो गया. नाप लिया मतलब लिया." बानं सांगून ठेवलं, "खदानीकडं कोणी फिरकू नका. आपण गेलो त तिले कळन." माह्या डोक्यात मात्र वेगळंच शिरलं. मी म्हटलं, आपण कोणीच तिकडं गेलो नाई, आन् ते गेली तर? राखण नको का?

तवापासून मी रोज सकाळी डबा घेऊन निघे. सकाळी डबा घेऊन जाणाऱ्या माणसाले आमच्या गावात कोणी काई विचारत नाई. नाल्यातून वर चढे, फांद्या बाजूले करे, खदान जागेवर हाय का पाहे, तिच्यात उतरून तळाले चाचपे, आन् परत फांद्या टाकून, पाणी थंड म्हणून काठाकाठानं, घरी. खदान कोणी रातोरात उचलून नेत नाई, हे मले तवा कोणी सांगतलं नाई. माय समजली का पोट्ट्याचं पोट बिघडलं. तिनं मले भाताची पेज चालू केली. घरात लाखोळीच्या डाळीचे वडे तळले जात, अंबाडीची भाजी होये, आन् मी पेज पीत बसे, राखणदार म्हणून. कादरभाई विचारे, "खापऱ्या, दुबला काऊन होऊन राह्यला?" मी पोटावर हात फिरवून दाखवे. गुपित ठेवणं मले येते, असं मले वाटत होतं.

इकडं बाईचं काम बिघडत होतं. भांडी वाळता वाळता टिचत. जिथी पांढरी माती काळसर मातीले लागे, तिथीच भेग. ते रागावत नव्हती, रडत नव्हती. टिचलेलं भांडं ओल्या फडक्यात घालून परत माती करे. एक दिवस बा खाटेच्या आडून पाहात होता, त्याच्यानं राहावलं नाई.

"आम्ही उभा जन्म माती एकजीव कराले तुडवतो," तो म्हणे, "आन् तू तिले येगयेगळी ठेवून राह्यली. टिचणार नाई त काय?"

"येगळी ठेवूनच जोडाची हाय, भाऊ. एका चालीनं आखडल्या पायजे बस. एक घाईत आखडली का दुसरीले फाडते." मंग ते हातातल्या मातीकडं पाहून म्हणे, "ही काळी बेइमान हाय. तुमची बाजारातली हाय ते इमानी."

बा निघून गेला. खाटेवरची माही सुतळी तो जाता जाता सोडून गेला, तो कशाचा राग ते मी विचारलं नाई.

आन् मंग तो दिवस आला. थंडीतली सकाळ, ऊन आंगणात यायचंच होतं. मी राखण करून आलो, डबा भिंतीले टेकवला, आन् छपरीच्या ओट्यावरून घरात गेलो, नेहमीवानी. माय घरामागच्या सांदवाडीतून भाजी घेऊन येत होती. तिनं पाह्यलं का सुजाताबाई ओट्यावर वाकली हाय, हातात पत्र्याची पट्टी हाय, आन् माह्या पावलाचे ठसे खरवडून ते माती कागदावर गोळा करून राह्यली.

आमच्याकडं कोणाच्या पायाखालची माती उचलत नाई. उचलली त ते करणीसाठी. हे लहान लेकराले बी माहीत हाय. आन् करणी या एका शब्दावर आमच्या भागात बायांइले गावाबाहेर काढलं हाय, त्याहून वाईट बी केलं हाय. भाजी खाली ठेवून माय ओट्यासमोर उभी राह्यली.

"माह्या पोराच्या पायाची माती काऊन काढली, बाई?"

सुजाताबाई सरळ झाली. "वैनी, सांगते."

"पोरगं वाळून राह्यलं माहं. पेजेवर हाय. तुह्या येण्यापासून वाळून राह्यलं. काय केलं तू त्याले?"

थापीचा आवाज बंद झाला तसे शेजारचे आले. आमच्या गावात आवाजानं लोक जमत नाईत, आवाज थांबला का जमतात. कादरभाई मडकी भराले आला होता, तो टेम्पोच्या पायरीवरच थांबला. कोणीतरी म्हटलं, पुजाऱ्याले बोलवा. कोणीतरी म्हटलं, पेटी उघडा पहिले. मी मधात उभा, पाय पोटरीपर्यंत काळे, आन् मले पहिल्यांदाच वाटलं का पोट खरंच दुखून राह्यलं. मी म्हणू शकत होतो का मी पेजेवर काऊन हाय. पण ते म्हटलं असतं त खदान साऱ्या गावासमोर उघडी पडली असती. म्हणून मी अक्कल वापरली आन् गप्प राह्यलो. मी अक्कल वापरली का असंच होते.

बाईनं पेटी स्वतःच उघडली. करणीचं सामान निघन म्हणून लोक मागं सरले. निघाल्या त्या तिच्या चकत्या. त्यातली एक तिनं बाच्या हातावर ठेवली. अर्धी पांढरी, अर्धी काळी. मधात सांधा. सांध्यात केसाएवढी बी भेग नाई.

"ही काळी बाजू तुमच्या पोराच्या पायाची हाय," ते म्हणे. "रोज सकाळी तो ओट्यावर ठसे ठेवून जाते. मी पंधरवडाभर ते गोळा करून राह्यली. इतक्या माती पाह्यल्या भाऊ, पांढरीच्या चालीनं आखडते ते ही एकच."

बानं चकती नखानं वाजवली. मंग तिचा कोपरा तोडून जिभेवर ठेवला, आमच्याकडं माती अशीच ओळखतात. त्यानं डोये मिटले. उघडले तवा तो चकतीकडं पाहात नव्हता, माह्या पायाकडं पाहात होता. पायावरून डब्याकडं. डब्यावरून तोंडाकडं.

"तू रोज कुठी जात होता बे?"

"राखण कराले," मी म्हटलं.

बा मारन असं मले वाटलं. त्यानं मारलं नाई. तो लोकांकडं वळून म्हणे, "पोट्ट्याचं पोट खराब हाय, नाल्यावर जाते, चिखल लागते. करणीगिरणी काई नाई. जा आपल्या कामाले." लोक गेले, पण मागं पाहात पाहात गेले, आन् त्यानंतर बराच काळ आमच्या ओट्यावरून जाताना बाया लुगडं उचलून, पाऊल उमटणार नाई अशा चालीनं जात.

आंगणात आम्हीच राह्यलो. बा म्हणे, "बाई, आता खरं बोल. कोणाच्या तर्फेनं आली?"

"माह्याच."

"जागा पायजे तुले?"

"जागा नको मले. तुमचं कुलूप तुमच्यापाशी ठेवा." मंग तिनं माह्याकडं पाह्यलं. "याले रोज पाठवत जा फक्त. पायाले लागन तितकी पुरते."

बानं विचार केला. जागा सांगाची नाई, माती विकाची नाई, खदान सुनेवाचून परक्या बाईले दाखवाची नाई, हे सारं बापजाद्याचं होतं. पण पोराचे पाय धुवाचे नाई, असं कोणी सांगून ठेवलं नव्हतं. त्याले यात काई चूक सापडली नाई. सापडली असती त बरं झालं असतं.

तिथून माही नोकरी लागली. रोज सकाळी खदानीत उतराचं, गुडघ्यापर्यंत माती लावून घ्याची, आन् नाल्याच्या काठाकाठानं, पाण्यात पाय न बुडवता, फताड्या चालीनं घरी याचं. आंगणात पाट ठेवलेला. त्यावर मी बसे, आन् बाई पत्र्याच्या पट्टीनं माह्ये पाय खरवडे, पोळ्याच्या बैलावानी. पोट्टे पाहाले जमत. कादरभाई म्हणे, "क्या किस्मत हाय तुही, खापऱ्या. दुनिया पायाची माती पुजते, तुही त जपानले चालली." माह्या पायाचे केस त्या साली गेले ते आजवर आले नाईत. डोक्याचे बी गेले, पण त्यात बाईचा हात नाई.

मायचा संशय मात्र गेला नव्हता. खरवडणं चालू असलं का ते समोर तांदूळ निवडत बसे, डोया न हालवता. बाई एक दाणा माती खिशात घालते का, हे ते पाहे. असं पाहता पाहता ते वीट कशी रचतात ते पाहू लागली. मंग म्हणू लागली, "लाल जास्त झाली. भाजीत मिरचीवानी." बाई लाल कमी करे. एक दिवस मी पाह्यलं का बाई मायच्या घरातल्या गिलासानं पाणी पिऊन राह्यली, आन् स्टीलच्या गिलासात मायनं हळद ठेवली हाय. हे कधी झालं, ते राखणदाराले कळलं नाई.

भांडी आता टिचत नव्हती. एक वाटी बाईनं वाळत ठेवली होती, अंगभर रेघा. मी छपरीत गेलो, वाटी पाह्यली, तिच्या कडेले बोटाचा ठसा दिसला. कुंभाराच्या पोराचा हात असं काई दिसलं का आपोआप पाण्यात जाते. मी ओल्या हातानं वाटी पुसली. पुसली त पांढरं लालात गेलं, लाल काळ्यात, आन् दोन वेळा हात फिरताच वाटी म्हशीनं चाटल्यावानी झाली. मी तिथूनच ओरडलो, "बाई, मी वाटी खाल्ली तुमची." ते आली. पाह्यलं. मले वाटलं आता ते खरोखर करणी करन. तिनं ब्लेडचा तुकडा घेतला आन् वाटी हलक्या हातानं तासू लागली. पापुद्रा निघाला आन् खालून रेघ आली, होती तशीच.

"वरून लावलेली नाई ते," ते म्हणे. "आरपार हाय. तू किती बी फास."

मोहा पडाले लागला तशा माय आन् बाई सकाळी सकाळी मोहा वेचाले जाऊ लागल्या. बाले ते आवडलं नाई. मले म्हणे, लक्ष ठेव. मी लक्ष ठेवलं. एक दिवस त्या आल्या तवा मायची टोपली लय जड होती, वर मोहाची फुलं. मीच धावत जाऊन टोपली डोक्यावरून उतरवली आन् छपरीत नेऊन ठेवली. म्हटलं, आज मोहा ओला दिसते. माय म्हणे, हो, दंव पडलं.

आवा लावला तो उन्हाळ्याच्या तोंडाले. बानं बाईची भांडी आपल्या मडक्यासोबत ठेवू दिली, पण कडेले नाई, पोटात नाई, अशा जागी ठेवली का फुटली त आपल्याले धक्का नको. दुसऱ्या दिवशी राख बाजूले केली. आमची दोन मडकी फुटली होती. तिचं एक बी नाई. बानं एक वाटी उचलली, वाजवली, कानाशी धरली, खाली ठेवली. "आवाज बरा हाय," म्हणे. बाच्या तोंडून इतकं मी माह्याबद्दल कधी ऐकलं नाई. पावसानं वाटा बंद होण्याच्या आधी बाई पेटी घेऊन कादरभाईच्या टेम्पोत बसली. बा टेम्पो दिसेनासा होईपर्यंत उभा होता. मले वाटलं त्याले वाईट वाटलं. तो म्हणे, "आता पाहू, मशीन येते का."

सारा पावसाळा बा मशीनची वाट पाहात राह्यला. एसटी थांबली का उठून पाहे. मशीन आली नाई. दिवाळी झाली. आम्ही तिघं कावडी घेऊन नाल्यातून वर गेलो. नारळ मायच्या हातात होता. बानं फांद्या बाजूले केल्या आन् तसाच थांबला.

खदानीच्या काठावर एक वाटी उपडी ठेवलेली होती. रेघाची. पावसाळ्याचा चिखल धुतला त पांढरी, लाल, काळी रेघ जशीच्या तशी. बानं वाटी उचलली. खाली वाळलेल्या मातीचा एक गोळा होता. पहिला गोळा. खदानीचा वाटा.

बानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "मी नाई." मंग मले बाचाच संशय आला, आन् मी त्याच्याकडं पाह्यलं. आम्ही दोघं बापलेक खदानीच्या काठावर एकमेकाले चोर समजून उभे होतो, आन् माय खाली बसून नारळाच्या शेंड्या काढून राह्यली होती.

"मी दाखवली," माय म्हणे.

बानं हातातली वाटी उलटीसुलटी केली. मंग म्हणे, "परक्या बाईले?"

"सुनेले वाट सासूनं दाखवाची असते. माह्या सासूनं मले दाखवली. या पोट्ट्याच्यानं सून येते का कवा, पहा याच्याकडं. मी मेली त मंग कोणाले दाखवू?" शेंडी ओढून ते म्हणे, "तिनं पहिला गोळा ठेवला. न सांगता ठेवला. मी म्हटलं, हे घरातली हाय."

बानं वाटी परत होती तिथी ठेवली. नारळ त्यानंच फोडला. मी हिशोब करून राह्यलो होतो, आन् मले हिशोब उशिरा होते. मोहा. जड टोपली. दंव.

"म्हणजे माय, मोहापासून माती टोपलीनं येत होती?"

"हो."

"मंग आवा लागेपर्यंत माह्ये पाय काऊन खरवडत होते?"

मायनं खोबऱ्याचा तुकडा माह्या हातावर ठेवला.

"तुले काईतरी काम पायजे होतं ना बापू," ते म्हणे.